पुडीवरची अक्षरे कोणासाठी?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वाण्याच्या दुकानात पूर्वी माल सुटा मिळत असे. गिऱ्हाईक तो हातात घेऊन पाही, वास घेई, चिमूटभर जिभेवर टाकून पाही. वजन डोळ्यांदेखत होई आणि शंका आलीच तर समोर बसलेल्या दुकानदाराला विचारता येई. माल बंद पुडीत आला आणि हे सारे थांबले. वास येत नाही, चव कळत नाही, माप दिसत नाही आणि माल तयार करणारा कोठे दूरच्या गावी असतो. या सर्वांच्या जागी एक छापील कागद आला. त्याला आपण लेबल म्हणतो. नाक, जीभ, डोळे आणि दुकानदाराची जबान या चौघांचे काम त्या एका कागदाने करायचे असते. ते काम चांगले केव्हा होते आणि त्यासाठी लेबल कसे तयार करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय वाणिज्य शाखेचा. तो कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. पहिले कारण असे की लेबल हे शेवटी लेखनच आहे. चार बोटे जागेत, घाईत असलेल्या वाचकासाठी केलेले लेखन. दुसरे कारण घरचे आहे. माझी आई ज्या महिला बचत गटात आहे तो गट शेंगदाण्याची चटणी करतो. सोलापूरकडची शेंगाचटणी सर्वांच्या परिचयाची आहे. आजवर ती ओळखीच्या घरांतून सुटीच विकली जाई. ती पुडीत घालून दुकानात ठेवायचे ठरले, तेव्हा घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच म्हणून लेबलचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी जे वाचले, पाहिले व विचारले त्यातून हा लेख तयार झाला.

छाप

‘लेबल’ हा शब्द इंग्रजी असला तरी वस्तूला खूण देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या खुणेला आपला शब्द आहे ‘छाप’. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई, तेव्हा त्यावर देवदेवतांची, पशुपक्ष्यांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. वाचता न येणारे गिऱ्हाईक चित्राच्या नावाने कापड मागत असे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, तोही ‘घोडा छाप’ शाईने. पुढे उंटाची खूण असलेली ‘कॅमल’ शाई आली व ‘कॅमलिन’ हे नाव घरोघर झाले. घोडा आणि उंट यांचा शाईशी काही संबंध नाही. पण एकदा पाहिलेला उंट विसरला जात नाही आणि तो मागण्यासाठी अक्षर ओळख लागत नाही. लेबल तयार करणाऱ्यांचा हा पहिला धडा म्हणावा लागेल.

गिऱ्हाईक लेबल कसे लक्षात ठेवते, याचे उत्तम विवेचन एका खटल्यात झाले आहे. पारले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतघराच्या अंगणातील मुलगी, गाई व कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका उत्पादकाने ‘ग्लुकोज बिस्किटे’ विकताना साधारण त्याच आकाराच्या व रंगसंगतीच्या पुड्यावर मुलगी, गाय व कोंबड्या यांचेच चित्र छापले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर फरक दाखवता येत होते. परंतु १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पारलेच्या बाजूने निकाल देताना म्हटले की, दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजण्याची ही रीतच योग्य नाही. आज एक पुडा पाहिलेल्या सामान्य माणसासमोर काही दिवसांनी दुसरा आला तर त्याची फसगत होईल काय, एवढेच पाहावयाचे. म्हणजे गिऱ्हाईक लेबल वाचून लक्षात ठेवत नाही. त्याचा एकूण ठसा मनात ठेवते. म्हणून नवे लेबल करताना ते दुसऱ्या कोणाचे नक्कल वाटू नये आणि दुसऱ्यांदा पाहताच ओळखू यावे, या दोन्ही गोष्टी त्या ठशावर अवलंबून असतात.

कायदा काय मागतो

ठसा कितीही सुंदर असला तरी लेबलवर काय असावे हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंसंबंधीचे २०११ चे नियम यांनुसार किरकोळ विक्रीच्या पुडीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वांना कळणारे नाव, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रार कोठे करावी त्याचा तपशील द्यावा लागतो. वस्तू खाण्याची असेल तर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ लागू होतो. त्याखालील २०२० च्या लेबलविषयक विनियमांप्रमाणे घटक पदार्थांची यादी, परवान्याचा वा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, गट क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह इत्यादी गोष्टी लागतात.

ही यादी प्रथम पाहिली तेव्हा गटातील बायकांना ती कटकट वाटली. पण एकेक बाब घेऊन विचार केला की तिच्यामागचे शहाणपण दिसते. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे अशी वजनाच्या क्रमाने लिहायची असते. एखाद्या शेंगाचटणीच्या यादीत पहिले नाव शेंगदाण्याचे नसून डाळ्याचे असेल, तर भाव असा का, हे त्या क्रमावरूनच कळते. शेंगदाणा काहींच्या प्रकृतीला सोसत नाही, म्हणून तो असल्याचे वेगळे सांगावे लागते. पूर्वी चहा, बिस्किटे अशा काही वस्तू ठराविक वजनांतच बांधाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढले गेले व त्याऐवजी ग्रॅममागे वा किलोमागे किती दर पडतो, तो छापण्याचे ठरले. याचा उपयोग साध्या हिशेबाने कळेल. समजा, २०० ग्रॅमची पुडी ७० रुपयांना आणि ५० ग्रॅमची २० रुपयांना आहे. गरीब माणसाचा हात २० रुपयांच्या पुडीकडे जातो. पण पहिलीत ग्रॅममागे ३५ पैसे पडतात आणि दुसरीत ४०. तो दर छापलेला असला तर निदान आपण जास्त देत आहोत हे देणाऱ्याला कळते.

किमतीवर वेगळी चिठ्ठी चिकटवून ती वाढवता येत नाही. किंमत कमी केली तर चिठ्ठी लावता येते. मात्र तिने मूळची किंमत झाकली जाता कामा नये. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘पारंपरिक’ हे शब्दही वाटेल तसे लिहिता येत नाहीत. २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या विनियमांनी त्यांना अटी घातल्या आहेत. आमच्या गटातील बायकांना ‘शंभर टक्के शुद्ध, घरगुती’ असे मोठ्या अक्षरांत हवे होते. त्यांची चटणी शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. पण हे शब्द ज्याच्या मालात भेसळ आहे तोही लिहितो. मग त्या शब्दांनी काय सिद्ध होते? त्याऐवजी ‘शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, मीठ, जिरे’ एवढी पाच नावे ठसठशीत लिहिली तर सहावे काही नाही हे वाचणाऱ्याला आपोआप समजते.

डोळा आधी कोठे जातो

दुकानातील फळी आपल्यापासून दोन हात लांब असते, उजेड बेताचा असतो आणि गिऱ्हाइकाचे अर्धे लक्ष कडेवरच्या मुलाकडे असते. अशा वेळी पुडीच्या दर्शनी बाजूने तीनच प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात : हे काय आहे, किती आहे आणि केवढ्याला आहे. कशाचे केले, केव्हा केले, कोणी केले ही उत्तरे मागच्या बाजूला चालतात. कारण तोवर पुडी हातात आलेली असते.

लहान उद्योगांची अनेक लेबले मी पाहिली. त्यांतील बऱ्याच लेबलांवर वरच्या भागात देवीचे चित्र, त्याखाली कमानीत गटाचे नाव, दोन्ही बाजूंना फुले, आणि वस्तूचे नाव मात्र कोपऱ्यात. या लेबलमागची भावना मी समजू शकते. ज्या बाईचे नाव आजवर रेशनकार्डाखेरीज कोठे छापले गेले नाही, तिला आपल्या गटाचे नाव मोठे दिसावे असे वाटणारच. परंतु अनोळखी गिऱ्हाइकाला गटाशी नव्हे, चटणीशी काम असते. आधी चटणीचे नाव मोठे, मग गटाचे. चटणी आवडली की गटाचे नाव लोक स्वतः शोधतात. गोल बरणी असेल तर आणखी एक अडचण येते. तिच्यावरील मजकुराचा जेमतेम एक तृतीयांश भाग एका वेळी नीट वाचता येतो. म्हणून लांबलचक नाव बरणीभोवती फिरवू नये. दोन ओळींत तोडावे.

अक्षरे

या बाबतीत देवनागरीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. रोमन मोठी अक्षरे एका उंचीत बसतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि खाली उकार. त्यामुळे एकाच उंचीच्या ओळीत मूळ अक्षराला आपल्याकडे कमी जागा मिळते. शिवाय बारीक छपाईत सर्वांत आधी नाहीसा होतो तो अनुस्वार, आणि शाई पसरली की जोडाक्षराचा ठिपका होतो. कायद्याने अंकांची व अक्षरांची किमान उंची ठरवून दिली असली तरी ‘किमान’ म्हणजे ‘पुरेशी’ असे नव्हे. गडद तांबड्यावर पांढरी बारीक अक्षरे सोडली, तर छापताना बाजूचा रंग आत सरकून ती बुजतात. पिवळ्यावर काळी किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरे साधी दिसतात. पण वाचता येतात.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटली, तेव्हा नाटकाचा स्वभावच अक्षरांतून दिसू लागला. वस्तूचे नाव रेखाटताना तसे जरूर करावे. पण घटकांच्या यादीतील आणि तारखेतील अक्षरांनी मात्र नाचू नये. ती आपल्या जागी स्थिर उभी असावीत. तारखेचा शिक्का कोठे मारायचा हेही आधी ठरवावे लागते. पुडीच्या दुमडीत, चकचकीत कागदावर मारलेला शिक्का दोन दिवसांत पुसला जातो. चटणीसारख्या तेलकट पदार्थाच्या साध्या कागदी लेबलला तर आठवड्यातच डाग पडतात. म्हणून तारखेसाठी सपाट, खरखरीत व पांढरी चौकट मुद्दाम मोकळी सोडणे चांगले.

रंग

रंग लांबून बोलतो. पण सर्वांशी एकच बोलत नाही. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असतो. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तसाच, पण तपकिरी गोल असे. काही लोकांना हिरवा व तपकिरी यांतील भेद डोळ्यांनी कळतच नाही. त्यांच्यासाठी २०२० च्या विनियमांत मांसाहारी चिन्हातील गोलाच्या जागी त्रिकोण आला. बदल लहानसा आहे, पण त्यात मोठे तत्त्व आहे. जी गोष्ट चुकून चालणार नाही, ती केवळ रंगाने सांगू नये. तिला आकारही द्यावा.

याच हिरव्या रंगाचा दुसरा अर्थ कृषी सेवा केंद्रात भेटतो. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. म्हणजे येथे हिरवा ‘निर्धोक’ नाही. तो ‘त्यातल्या त्यात कमी विषारी’ आहे. खाण्याच्या पुडीवर हिरवा ठिपका पाहण्याची सवय झालेल्या माणसाने येथे काय समजावे? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती एका लेबलच्या माथी मारता येणार नाहीत. परंतु डब्यावरची खूण वापरणाऱ्याला न कळणे ही काही लहान बाब नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

भाषा

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. २०११ च्या नियमांनुसार पुडीवरील आवश्यक मजकूर देवनागरीतील हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एका भाषेत असावा लागतो. त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही भाषा वापरण्यास आडकाठी नाही. म्हणजे मराठी चालते, पण ती नसली तरी कायदा मोडत नाही. याउलट कीटकनाशकाच्या लेबलवर इंग्रजी व हिंदीबरोबर त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषा असाव्यात असा नियम आहे. विष कोणत्या भाषेत सांगावे हे ज्यांनी ठरवले, त्यांना वाचणाऱ्याची भाषा महत्त्वाची आहे हे ठाऊक होते. मग मीठ-मसाल्याच्या बाबतीत तीच गोष्ट ऐच्छिक का राहावी?

आमच्या गल्लीत मी पुड्या वाचून दाखवते. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा, केसाचे तेल, मधुमेह असलेल्या आजोबांसाठी आणलेली बिस्किटे. ‘यात साखर हाय का बघ गं,’ असे म्हणून पुडा माझ्यापुढे धरला जातो. मला त्याचा अभिमान वाटत असे. हल्ली मात्र दुसरा विचार मनात येतो. आजोबांनी पदरचे पैसे मोजून आणलेल्या वस्तूत काय आहे हे कळण्यासाठी त्यांना शेजारच्या मुलीची वाट का पाहावी लागते? ती मुलगी परीक्षेला गेली असेल तर काय करायचे? त्यांना मराठी वाचता येते. चौथीपर्यंतची शाळा त्यांनी केली आहे. म्हणजे न्यून त्यांच्यात नाही, त्या पुड्यात आहे.

सोलापुरात हा प्रश्न मराठीपुरता राहत नाही. येथे विणकर वस्त्यांतून तेलुगू बोलली जाते, कन्नड घरे पुष्कळ आहेत. सर्व भाषा लिहायच्या म्हटले तर पुडीला अंगरखा शिवावा लागेल! म्हणून चार भाषा बारीक अक्षरांत कोंबण्यापेक्षा दोन भाषा मोठ्या अक्षरांत व एक खरे चित्र, हा मार्ग मला योग्य वाटतो. चित्र खरे असावे याचा अर्थ, पुडीत चटणी असेल तर चित्रात चटणीच असावी. शेजारी दही, भाकरी, कांदा मांडून ताट सजवू नये.

एका लेबलची घडण

या विचारांतून आमच्या गटाचे लेबल तयार झाले. पिवळ्या भूमीवर काळ्या अक्षरांत ‘शेंगदाण्याची चटणी’, खाली फोडलेल्या शेंगेचे चित्र, उजवीकडे वजन व किंमत. मागे मराठी व इंग्रजीत पाच घटक, परवान्याचा तपशील, तारखेची पांढरी चौकट आणि फोन क्रमांक. माल दिसावा म्हणून पुडीला पारदर्शक खिडकी ठेवावी अशी सूचना आली होती. परंतु शेंगदाण्यात तेल असते आणि हवा, उष्णता व उजेड यांनी ते खवट होते. खिडकीने विश्वास वाढला असता, पण चटणी लवकर बिघडली असती. ती सूचना सोडून दिली.

मोठा वाद झाला तो मुदतीवर. बाजारातील इतरांच्या पुड्यांवर सहा महिने असतात, आपणही तेवढेच लिहावे, असे काहींचे म्हणणे होते. कमी मुदतीचा माल दुकानदार ठेवून घेत नाही, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आईने पुड्या बांधून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या आणि ऐन उन्हाळाभर दर आठवड्याला एक फोडून सर्वांना चाखायला दिली. दहाव्या आठवड्याला तोंडे वाकडी झाली. तेव्हा ‘दोन महिने’ असे ठरले, आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत माल दुकानात द्यायचा नाही हेही ठरले. एका दुकानदाराने त्या मुदतीवर माल घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने थोडा घेतो म्हटले. गटाला तोटा झाला की फायदा, हे आज सांगता येणार नाही. पण त्या दोन शब्दांमागे दहा आठवड्यांची चव आहे.

छापण्यापूर्वी नमुना तपासण्याची एक सोपी रीत आम्ही वापरली. ज्याने लेबल आधी पाहिलेले नाही अशा माणसाला ते दोन हातांवरून पाच अंक मोजेपर्यंत दाखवायचे, मग झाकायचे आणि विचारायचे : काय होते? किती? केवढ्याला? नंतर पुडी हातात देऊन तारीख शोधायला सांगायचे. यासाठी सुशिक्षित माणूस निवडू नये. ज्याला वाचायला सर्वांत अधिक कष्ट पडतात तोच येथे खरा परीक्षक.

समारोप

लेबल लिहिणारा आणि वाचणारा यांची भेट कधी होत नाही. लिहिणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते वाचणाऱ्याला ठाऊक नाही. आणि त्या अज्ञानाचा फायदा घ्यायचा की ते दूर करायचे, हे लिहिणाराच ठरवतो. आकर्षक रंग, सुबक अक्षरे, लक्षात राहणारी छाप या साऱ्या गोष्टी हव्यातच. कारण जे लेबल डोळ्यांत भरत नाही ते वाचलेही जात नाही. मात्र त्यांनी गिऱ्हाइकाला मजकुरापर्यंत आणून सोडावे, मजकुरापासून दूर नेऊ नये.

आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून व गल्लीबोळांतून आलेले आम्ही पुष्कळजण आहोत. बहुतेकांच्या गावी एखादा बचत गट पापड, मसाला, लोणचे करीत असतो. मराठीच्या तासाला आपण शुद्धलेखन शिकतो, सारांशलेखन शिकतो. त्यातले थोडे एखाद्या पुडीच्या मागच्या बाजूसाठी वापरावे. एका गटाचे एक लेबल सोप्या मराठीत लिहून द्यावे. आपल्या प्राध्यापकांनी हे काम वर्षाच्या एखाद्या प्रकल्पात घेतले, तर त्याचा वाचक परीक्षकापुरता राहणार नाही, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करते.